काळी खाली, मुरूम वर

हिंगणीच्या किसनरावांनी नोकरीची चौतीस वर्षं खड्डे खणण्यात घालवली. माती तपासणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते शिपाई होते. साहेब झाडाच्या सावलीत थांबायचे, किसनराव पुरुषभर खोल उतरायचे. अहवालावर सही अर्थातच साहेबांची. पण खड्ड्याच्या भिंतीतले थर ओळखायला किसनराव साहेबांच्या आधी शिकले.

नोकरी लागली तेव्हा बापाचं तीन एकरांचं वावर त्यांनी थोरल्या भावाला सोडून दिलं. भाऊ गेल्यावर वहिनी, रुख्मिणीबाई, ते एकटी कसायची. तिच्या ओसरीवर बसून मातीच्या गोष्टी सांगणं हा किसनरावांचा निवृत्तीतला उद्योग.

"पावसाचं पाणी हवेतला वायू घेऊन जरासं आंबट होते, वहिनी. मुळंबी तोच वायू सोडते. ते पाणी काळ्या दगडाच्या भेगेत शिरते अन् दगड कुजवते. त्यातल्या लोखंडाले गंज चढते, म्हणून मुरूम तांबडा. चुना विरघळून खाली जाऊन बसते. शेवटी जे चिकट उरते, ते आपली काळी. इंचभर काळी व्हाले शेकडो वर्सं लागते."

रुख्मिणीबाई तुरी निवडत ऐकायची. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण दिराचा शब्द तिला पुरेसा होता. घात झाला तो तिथेच.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस आला. वावराच्या उंचवट्याखाली चांगला मुरूम होता. तो आम्ही नेतो, बदल्यात वावर फुकटात सपाट करून देतो, असं त्याचं म्हणणं.

"तुमाले मातीतलं समजते, भाऊजी," रुख्मिणीबाई म्हणाली. "तुमी म्हणसान तसं."

किसनरावांची छाती फुगली, त्यांनी होकार दिला. मशीनवाल्या कैलासला त्यांनी आपल्या खड्ड्यांचा नियम बजावला. काळी वेगळ्या ढिगात, मुरूम वेगळ्या. भरताना उरलेला मुरूम खाली, काळी वर. कैलासने मान डोलावली. करारात मात्र 'सपाटीकरण' एवढाच शब्द होता. थरांचं लिहून घ्यावं हे किसनरावांना सुचलंच नाही. चौतीस वर्षं ते तोंडीच सांगत आले होते, लिहिणारे दुसरे.

दोन दिवस ते काठी घेऊन बांधावर उभे राहिले. तिसऱ्या दिवशी जुन्या कचेरीचा समारंभ होता, नागपूरला. साहेबांनी माइकवरून त्यांना 'मातीचा जाणकार' म्हटलं, शाल दिली, नारळ दिला. चौतीस वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. त्या कौतुकात ते भाच्याकडे दोन रात्री राहिले.

परत आले तेव्हा वावर अंगणासारखं सपाट होतं आणि बांधापासून बांधापर्यंत तांबडं.

"काळीत टिप्पर फसून राह्यले होते, काका," कैलास मशीन ट्रेलरवर चढवत म्हणाला. "म्हणून काळी खाली लोटली, वरून मुरूम टाकला, रोलर फिरवला. आता पाहा कसं कडक झालं."

त्याच्या बोलण्यात पाप नव्हतं, हेच जास्त जिव्हारी लागलं. ठेकेदाराच्या माणसाने फोनवर विचारलं, सपाट झालं ना? मग?

किसनरावांनी घरातून आम्लाची जुनी बाटली आणली. साहेबांच्या मागे मागे हजारदा टाकला असेल तसा एक थेंब जमिनीवर टाकला. पांढरा फेस फसफसला. पावसापावसाने खाली जाऊन बसलेला चुना पार वर आला होता. मग त्यांनी फावडं घेतलं. हातभर खाली काळी लागली खरी, पण मुरमात मळलेली, रोलरने दाबून विटेसारखी झालेली. आता ती कोणालाच निवडता आली नसती. लाज अशी वाटली, की खांद्यावरची शाल त्यांनी बाटलीभोवती गुंडाळून पिशवीत कोंबली.

जूनमध्ये रुख्मिणीबाई पऱ्हाटीच्या सरकीची थैली घेऊन बांधावर आली. वाकून तिने मूठभर तांबडी खडी उचलली, बोटांतून गळू दिली.

"भाऊजी, हे पुन्हा काळं व्हाले किती दिवस लागन?"

साऱ्या आयुष्यात या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"एक पावसाळा जाऊ दे," किसनराव म्हणाले. "मग होते बरोबर."

तिने मान हलवली, पदर खोचला आणि थैलीचं तोंड सोडलं. किसनरावांनी थैली धरली, आणि ती एक एक बी त्या मुरमात टोबत पुढे गेली.