टॉवेलाखालचा दर

शाळा मी चौथीपतूर शिकले, त्यामुळं लिवताना चुकंल, पर गेल्या साली गारगोटीच्या बाजारात काय झालं त्ये लिवल्याबिगर मला ऱ्हावत न्हाई.

आमचं गाव गारगोटीच्या वर, डोंगरात. तांबडं उताराचं रान, नाचणीशिवाय तितं कुनी काय पेरत नव्हतं. माझं माहेर नेसरीकडचं, तिकडं पावसाळी बटाटा करत्यात. लगीन होऊन आले तवापासनं मी घरात सांगत हुते, खालच्या काळ्या रानात पानी तुंबून बटाटा कुजतो, आपल्या उतारावर पानी ठरत न्हाई, आन दसऱ्याच्या आदी माल काढला तर नवरात्राच्या उपासाला घराघरात बटाटा लागतो, नवा बटाटा तवा दुसरीकडं फारसा नसतो. मामंजी, म्हंजे माझं सासरं, तीन वर्सं नुसतं ऐकून घ्यायचे. चौथ्या वर्सी म्हणाले, "एक डाव कर. बी, खत, बायकांचा रोजगार, सगळं सुटलं तर बगू. न्हाईतर उतार परत नाचणीला, आन बटाट्याचं नाव ह्या घरात काडायचं न्हाई."

माहेरातनं बी आनलं. एकेक बटाटा ईळीवर कापला, फोडीफोडीला डोळा बघून, राख लावून. पीक आलं बगा, अठरा पोती. आन काढणीच्या शेवटच्या दिवशी आमच्या मालकांनी कुदळ सोताच्याच पायावर मारून घेतली. आता बाजारला कोन जानार? मामंजी म्हणाले, "ज्येनं लावलं त्येनं इकावं."

मी निगाले. पोरगी कमरंवर, सात महिन्याची. गावातल्या चाचांची बैलगाडी, चाचा म्हातारं, गाडीच हाकायचे जलमभर. वाटंभर मी एकच घोकत हुते, पोत्याला अठरा रुपय आलं तर खर्च निगतो, अठराच्या खाली आलं तर मेले.

बाजारात पोती उतरली, माल घेनारा अडत्या शेट आला, पोत्यात हात घालून बटाटा दाबून बगितला. मग सवयीनं खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आन टॉवेलाखालनं हात म्होरं केला. आमच्याकडं दर असाच हुतोय. शेट आन शेतकरी टॉवेलाखाली हात घालनार, बोटं दाबून भाव करनार, शेजारच्याला कळू द्यायचं न्हाई. मी त्या टॉवेलाकडं बगतच ऱ्हायले. परक्या मानसाच्या हातात हात कसा घालू? शेटच्या बी ध्यानात आलं, त्येनं हात मागं वडला. भवतीची मानसं हसाय लागली.

एक जन म्हणाला, "शेट, पावणीला बांगड्या भरताय व्हय?"

शेट लाजून लाल. "मालक कुटं हायत तुमचं?"

"घरात. पाय फुटलाय."

चाचा म्हणाले, "बेटी, मी घालतो हात. तुला कानात सांगतो."

चाचांवर माझा इस्वास हुता. पर कानात आलेला आकडा बरूबर का खोटा, मला काय कळनार? मामंजींस्नी काय सांगू, कानात ऐकलं म्हनून? पोरगी पदर वडतीया, आन माझ्याच तोंडातनं निगून गेलं, "शेट, तोंडानंच बोला की."

मला वाटलं आता हाकलत्यात.

शेट पोत्याकडं बगत बारीक आवाजात म्हणाला, "पंधरा."

पंधरा. माझं डोळं भरलं. पर त्यो पंधरा समद्यांनी ऐकला हुता. पलीकडच्या पोत्यांपाशी दुसरा अडत्या उबा हुता, त्यो म्हणाला, "नवरात्राच्या तोंडाला पंधरा? बाई, मी अठरा देतो."

"वीस," शेट म्हणाला, आन त्येला सोताचाच राग आला. "बाजाराची रीत मोडली ह्या बाईनं."

"रीत ऱ्हाऊ दे बाजूला, बावीस," दुसरा म्हणाला.

मी कायच बोलत नव्हते. मला बोलायचं धाडसच नव्हतं, पर त्येंस्नी वाटलं बाई घट हाय, दर धरून बसलीया. शेट चोवीसवर आला तवा दुसऱ्यानं मान हलवली आन गेला. मी म्हटलं, "घ्या."

मागं एक म्हातारं शेतकरी कवाधरनं आपल्या बटाट्याच्या चार पोत्यांवर बसलं हुतं. शेटनं त्येंच्याकडं टॉवेल केला, पर त्येनी हात टॉवेलाखाली घातलाच न्हाई. म्हणाले, "शेट, माजं बी तोंडानंच सांगा. मला बी बाईच समजा." सगळा बाजार हसला, शेट बी हसला, आन त्या म्हाताऱ्याला बावीस मिळालं.

परत येताना मी चाचांच्या पाठीशी गाडीत नुसती बडबडत हुते. पोत्यामागं सा रुपय वर, अठरा पोती, किती हुत्यात, चाचा तुमी सांगा, मग मीच सांगायची, मग परत इचारायची. चाचा म्हणाले, "बेटी, बैलं भ्यायला लागली, हळू बोल."

मामंजी उंबऱ्यात बसले हुते. "किती?"

"चोवीस."

"कुनी ठरवला दर?"

"मी. म्हंजे त्येंनीच. समद्यांच्या देखत, तोंडानं."

मामंजींनी तंबाखू मळून दाढंला धरली. मग आत मालकांस्नी ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या भावाला सांगावा धाडा. फुडच्या साली वरचा तुकडा बी बटाट्याला धरायचा, बी जास्ती लागंल."