रावणाची दहा तोंडं

माझ्या बापाच्या कानाखाली मालकाने वाजवली, ती भर दुकानात. गिऱ्हाइकं उभी होती. एका बाईच्या हातात रेशमी स्टोल होता, तो तिने खालीसुद्धा ठेवला नाही. एकाने मोबाइल वर धरला.

शहरात नजरबाद भागाजवळचं दुकान. काचेमागे पुतळ्यांना नेसवलेले भारी कपडे, आत पितळ, लाकूड, हातमागाचे पडदे. 'सगळं ओरिजिनल' अशी पाटी. मालक नवरा-बायको पुण्याचे. मराठी बोलतात, म्हणून बापाला ते आपले वाटले. आम्ही जवळच्या येलवाल गावचे, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे. घरात मराठी, दारात कन्नड, अशा पिढ्या गेल्या. मी त्यांच्या मागच्या खोलीत बसून कातड्याला नक्षीची भोकं पाडायचे, दिव्यांच्या शेड करायचे. पाण्याचा पेला मला वेगळा होता. मी त्यातूनच प्यायचे.

आमच्यात जुनी झालेली बाहुली म्हणजे मेलेलं माणूस. ती विकत नाहीत, फेकत नाहीत. नदीत सोडतात. आजोबांचा रावण असाच थकला होता. मालकीण म्हणाली, "एक दिवस भिंतीवर लावू, मग न्या." बापाने विश्वासाने दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला न्यायला गेलो. तिथून थेट कावेरीवर जायचं होतं.

रावण कापला होता. छताला दहा दिवे, एकेकावर एकेक तोंड.

बाप म्हणाला, "सार, हे काय केलात? आमच्या घरचं मयत हाय ते."

मालक हसला. "कुजकं कातडं होतं. आम्ही त्याचं सोनं केलं. उपकार मान."

बापाने एका दिव्याला हात लावला. तेव्हा वाजवली.

आणि बापाने हात जोडले.

मालकाचा राग मला नंतर आला. आधी त्या जोडलेल्या हातांचा आला. किळस आली. मी टेबलावर चढले आणि पहिला दिवा ओढला. बल्ब फुटला, काच तळहातात घुसली. मालकाने माझे केस धरून खाली खेचलं, डोकं भिंतीवर आपटलं. "दाखवलीस ना जात!"

मी त्याच्या मनगटाला दात लावले. तो ओरडला तरी सोडलं नाही. तोंडात रक्त आलं, त्याचं. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मग कुणी जवळ आलं नाही. दहाही तोंडं मी उतरवली, ओढणीत बांधली आणि त्याच दुपारी नदीत सोडली.

आठ दिवसांनी दुकानातून निरोप आला, दसऱ्याचं काम आहे, पोरीने माफी मागून कामाला यावं. बाप म्हणाला, "होगली बिड गं, सोड. मोठी माणसं ती. सॉरी म्हण, जा."

मी त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "अप्पा, मी जाणार नाही. तूही जायचं नाहीस. यापुढे कुणी तुला मारलं आणि तू हात जोडलेस, तर आधी तुझे हात सोडवीन. मग त्याचा मोडीन."