धर्माजींचा पाय आणि सलोनीची लस

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत धर्माजींचं शिवणकामाचं दुकान आहे. एक मोटारवालं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला प्लास्टिकची खुर्ची, एवढाच पसारा. साडीला फॉल लावणं, ब्लाउज, पँटची उंची कमी करणं, ही कामं. धर्माजी मूळचे म्हसळ्याकडचे. उजवा पाय लहानपणापासून बारीक आणि लुळा, त्यामुळे गुडघ्यावर हात दाबून चालतात. पायाने मशीन चालवणं जमायचं नाही म्हणून उमेदवारीतच त्यांना मोटारीवर बसवलं गेलं, आणि तिथे मात्र त्यांचा हात कोणी धरू शकलं नाही.

पायाचं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "इंजेक्शनने गेला. चार वर्षांचा होतो. आई डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याने सुई टोचली, दुसऱ्या दिवशी पाय उचलेना."

या एका वाक्यावर त्यांनी घर चालवलं. सलोनी झाली तेव्हा इस्पितळात जे टोचलं ते टोचलं, त्यानंतर त्यांनी तिला सुईच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायका दारात आल्या की मात्र पाजू द्यायचे, कारण थेंबांत सुई नव्हती. शाळेत लस असली की सलोनी त्या दिवशी घरी. कोरोनात दोन डोस घेतल्याशिवाय लोकलचं तिकीट मिळेना, तर दादरला कापड आणायला जाणंच त्यांनी बंद केलं. बायको, शेवंती, सुरुवातीला वाद घालायची. मग तिने तो नाद सोडला.

सलोनी बारावी झाली आणि तिला मुंबईतल्या एका कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळाला. धर्माजींनी गल्लीभर पेढे वाटले. तिचा युनिफॉर्मही त्यांनीच शिवायला घेतला.

कॉलेज सुरू झाल्यावर आठवड्याभरातच सलोनी घरी न जाता परस्पर दुकानात आली. खुर्चीवर बसली आणि थेट बोलली.

"पप्पा, मला लशी घ्याव्या लागणार आहेत. काविळीची, गोवर-रुबेलाची, धनुर्वाताची. त्याशिवाय वॉर्डात पाठवणार नाहीत."

धर्माजींनी मशीन थांबवलं. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना. बहुतेक मुलींच्या लहानपणीच झाल्यात. माझ्याच राहिल्यात."

"मग दुसरं काहीतरी शिक गो. बीकॉम कर. नाहीतर बँकेची परीक्षा दे."

"मला नर्स व्हायचंय."

"आणि पाय गेला तर? मी बसून कमावतोय. तुला वॉर्डात दिवसभर उभं राहायचंय."

"मी अठराची झालीय पप्पा. तुमची सही लागत नाही. उद्या जाऊन टोचून आले असते तर तुम्हाला कळलंही नसतं. पण मला तुमच्यापासून लपवून जायचं नाहीये."

त्या संध्याकाळी घरात शेवंतीने कित्येक वर्षांनी आवाज चढवला. ती एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, संध्याकाळी दमलेली असते, पण त्या दिवशी ती जेवण वाढता वाढता उभीच राहिली. "अहो, तिला गोवर झाला होता तेव्हा पोर हातची जायची वेळ आली होती, आठवतंय ना? तेव्हाही मी काही बोलले नाही. तुमच्या पायाचं मला दुःख आहे. पण तिचे पाय बांधू नका."

धर्माजी जेवले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "मी येतो बरोबर. डॉक्टरला विचारतो. मग बघू."

रिक्षाने दोघं बापलेक जवळच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. धर्माजींनी बसल्या बसल्या विचारलं, "हिला टोचल्यावर पाय गेला, तर जबाबदार कोण?"

बाईंनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. "तुमचा कसा गेला, सांगाल?"

त्यांनी सांगितलं.

"इंजेक्शन कशासाठी दिलं होतं?"

"तापासाठी. चार-पाच दिवस ताप होता. मान धरली होती, पाय दुखतात म्हणून रडायचो असं आई सांगायची."

"म्हणजे पाय आधीपासून दुखत होते," बाई म्हणाल्या. "काका, मला हा पोलिओ वाटतो. इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही. पोलिओच्या तापात इंजेक्शन दिलं तर टोचलेल्या बाजूचाच पाय जास्त अधू होऊ शकतो, हेही खरं आहे. म्हणजे तुमच्या आईचा संशय अगदीच खोटा नव्हता. पण ते तापाचं औषध होतं, लस नव्हती. लस मिळाली असती तर पोलिओपासून बहुतेक बचाव झाला असता."

"डॉक्टर लोक डॉक्टरचीच बाजू घेणार," असं म्हणून धर्माजी उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. सलोनी मागे आली नाही.

बाकावर त्यांना आत्माराम आठवला. गावात शेजारच्या घरातला, त्यांच्याच वयाचा. त्याचा डावा पाय असाच बारीक. दोघंही एकाच पावसाळ्यात आजारी पडलेले. पण गावात आत्मारामचं देवाचं म्हणायचे आणि धर्माजींचं सुईचं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या. धर्माजींनीही नाही.

त्यांनी फोन लावला. "आत्माराम, एक विचारू? तुझा पाय गेला तेव्हा तुला इंजेक्शन दिलं होतं?"

"मला कुटलं इंजेक्शन?" पलीकडून हसणं आलं. "बापाकडं गाडीभाड्याला पैसे न्हवते. भगताकडं नेला, त्यानं अंगारा लावला. बस."

"ताप होता?"

"व्हता ना. आठवडाभर. का रे? आज काय झालं?"

"काही नाही. नंतर बोलतो."

त्यांनी फोन खिशात ठेवला. आई आठवली. आपणच त्याला सुई टोचायला नेलं, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली होती. लेकाच्या चालण्याकडे बघायची नाही. हे सांगायला आता ती उरली नव्हती. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात देऊन आत गेले.

"बाई, टोचा," ते म्हणाले. "पण आज ताप वगैरे नाही ना, ते नीट बघा."

बाईंनी खरोखरच थर्मामीटर लावलं. सलोनीने बाही वर केली. धर्माजींनी भिंतीकडे तोंड केलं, पण तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला.

"पप्पा, झालं. हात सोडा, दुखतोय."

पुढचे दोन दिवस ते काही ना काही कारण काढून तिला उठबस करायला लावत होते. पाणी आण, खिडकी लाव, दार बघ. तिसऱ्या दिवशी शेवंती हसली, तेव्हा तेही हसले.

आता सलोनी वॉर्डात जाते. काविळीचा शेवटचा डोस बाकी आहे. तिच्यापेक्षा धर्माजींनाच त्याची जास्त घाई झालीय. मध्ये गावी गेले तेव्हा आत्मारामच्या अंगणात दोघं पाय पसरून बसले आणि पहिल्यांदाच त्या पावसाळ्याबद्दल सविस्तर बोलले. आत्मारामच्या नातवाला लस द्यायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी दोघंच त्याला रिक्षात घालून तालुक्याला घेऊन गेले. पोरगं टोचताना भोकाड पसरून रडलं आणि परतीच्या वाटेवर आत्मारामच्या मांडीवर झोपून गेलं.