घोड्याची वेळ

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे घोडा म्हणत. भरतीत पास व्हायची वेळ ठरवायची म्हणून साहेबांनी त्यालाच पाण्याचा पाइप खांद्यावर देऊन चार मजले चढायला लावलं. "रोज कामावर चढतोस तसाच चढ," साहेब म्हणाले. पण चारचौघांत मिशीला पीळ द्यायची खोड जुनी! गडी जीव खाऊन पळाला. पन्नास सेकंद. तीच वेळ कागदावर गेली.

महिन्याभराने भरतीत त्याची लेक चोपन्न सेकंदांत वर पोचली आणि नापास झाली.

"बाबा, खरी आग लागली की तुम्ही किती वेळात चढता?"

"सत्तर," तो पुटपुटला.

तिने खांद्यावरचा पाइप उतरवून वर उभ्या बापाच्या पायाशी ठेवला. खालून ड्रायव्हर मात्र कौतुकाने ओरडला, "घोड्या, तुझा विक्रम शाबूत आहे रे!"