तातेरावानं तोंड हुंगलं

आष्टीच्या भावकीत बेबीनंदाला तोंडाळ म्हणत. म्हणोत बापडे. शिलाई मशीनवर घर ओढणारी, नवऱ्याला डोक्याच्या आजाराची गोळी रोज आपल्या हातानं देणारी बाई आणखी किती गोड बोलणार?

त्या दिवशी ती शिवलेले ब्लाउज पोचवायला गेल्ती, आणि मागं नवऱ्यानं, भागवतनं, घरातल्या सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या गोळ्या पोटात हळूहळू विरघळतात. आत्ता बरा दिसेल, खरा त्रास पुढंच आहे. उद्यापर्यंत हलवायचं नाही."

भागवत कॉटवर बसून चहा मागत होता. तेवढ्यात जीपभर भावकी आली. पुढं तातेराव, थोरला चुलत दीर. यानं जन्मात एकच विद्या कमावलेली, फवारणीचं औषध प्यालेला माणूस ओळखायची. गावात कुणी काही घेतलं की आधी तातेराव तोंड हुंगणार, मंग गाडी निघणार. त्यानं भागवतचं तोंड हुंगलं.

"वास न्हाई, फेस न्हाई. कशाचं इख? नाटकं हायेत बिलकुल. उद्या माझ्या पोरीची सुपारी फोडायचीय, बोभाटा नको. घरी सोडायच्या कागदावर सही कर, नेऊ याला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नंदीबैल बरा, तो निदान गुबूगुबू वाजल्यावर डोलतो. बेबीनंदाला किळस आली. भागवत आजारी पडल्यापासून यातला एकजण उंबऱ्याशी फिरकला नव्हता.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं नाक गावात चालवा. म्या सही करत न्हाई."

तातेराव बायकांच्या अकलेवर बोलत सुटला. तिनं पाठ फिरवली, पण भीती होतीच. नवरा खरंच ठणठणीत दिसत होता. हा मुडदा तातेराव खरा निघाला तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

दिवेलागणीला भागवतच्या हातातून कप गळाला. मान कलली, श्वास घरघरला. नर्सबाया धावल्या, नळी घातली, मशीन लावलं. भावकी जिन्याकडं सरकली.

तिसऱ्या दिवशी भागवतनं डोळे उघडले. बाहेर तातेराव फोनवर कुणाला तरी सांगत होता, "म्याच म्हनलं, हलवू नका. तोंड हुंगल्याबरोबर वळखलं."

"बाहेर कोण आलंय?" भागवतनं क्षीण आवाजात विचारलं.

बेबीनंदानं उठून दार लावलं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली.