गाठीतली हाली

देव आहे का नाही, ह्यावर मी कुणाशी भांडत नाही. पण मंडळी, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हा मी देवाशी बोलणं सोडलं होतं. तिनं जन्मभर रामाचं केलं, एकादशी चुकवली नाही, आणि शेवटच्या तापात तिला घोटभर पाणी गिळता आलं नाही. मी हैदराबादेत, जामबागेत फुटाण्याची भट्टी चालवणारा माणूस. शाळा दोन बुकांपुरती. गोड बोलता येत नाही, तसं लिहिताही येत नाही. भजनातल्या लोकांनी गळ घातली म्हणून झालं तसं सांगतो.

जाताना तिनं एकच मागितलं, माझी हाडं नाशकाच्या गंगेत सोडा. आम्ही गंगा म्हणतो ती गोदावरीच, आणि ती नांदेडलाही वाहते. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "नांदेडची गंगा सासरची. मला माहेरच्या गंगेत जायचंय."

पोरबाळ नाही, म्हणून एकट्यानंच निघायचं होतं. भट्टीशेजारी यादगिरीचं पानाचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका, मनमाडकू आँख लगी तो धोती भी जाती. पैसा जरा संभालके." प्रवासात पैसे मी कधी बाळगलेच नव्हते. ते तिच्या कमरेच्या पिशवीत असायचे. मी नुसतं "अगं, पैसे दे" म्हणायचो, की ती भिंतीकडं तोंड करून काढून द्यायची. आता ठेवू कुठं? मग मी माझ्या मते मोठी अक्कल चालवली. अस्थींच्या मडक्याला लाल फडकं बांधायचं होतं. त्या फडक्याच्या आत, मडक्याला लागून, सगळ्या नोटा मेणकापडात गुंडाळून ठेवल्या. तिथं कोण चोर हात घालणार? क्रियाकर्म करणाऱ्या गुरुजींना मी काही बोललो नाही. त्यांनी वरून घट्ट गाठ मारली आणि बजावलं, "ही आता घाटावरच सोडायची. वाटेत नाही. आणि गाठोडं भुईला टेकवायचं नाही."

काचीगुड्याहून गाडीत बसलो ते गाठोडं मांडीवर घेऊनच. निजामाचं राज्य गेलं तरी त्याचं नाणं अजून चालू होतं, त्याला आम्ही हाली म्हणतो. पण हद्दीपलीकडं हाली कुणी घेत नाही, तिथं हिंदुस्थान सरकारचा रुपया, कलदार लागतो. औरंगाबादला गाडी थांबली आणि सराफ खिडक्यांशी ओरडत आले, "कलदार घ्या, कलदार!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दर खेपेला ती इथंच पैसे बदलून घ्यायची, सराफाशी बट्ट्यावरून, म्हणजे बदलताना तो कापून घेतो त्यावरून, भांडून. मी तोवर चहा प्यायचो. आता पैसे मांडीवर होते आणि मला काढता येत नव्हते. गाडी सुटली, हद्द गेली.

मनमाडला गाडी बदलायची. नाशकाच्या तिकिटासाठी खिडकीवर खिशातली चिल्लर पुढं केली, तीही हालीच. बाबूनं ती बोटानं मागं सरकवली. मागून एकजण हसला, "आजोबा, निजामाकडून आलात काय? त्याचं राज्य बुडालं की!"

"राज्य बुडलं, मी अजून आहे," मी म्हणालो. पण बाजूला झालो.

बाकावर बसलो. नाशकाची गाडी यायची होती. गाठ सोडावी तर तिची वाट बाटते, न सोडावी तर ती इथंच रुळांमध्ये अडकते. खूप दिवसांनी मी रामाशी बोललो, आणि ते बोलणं चांगलं नव्हतं. म्हटलं, जिवंतपणी दिलं नाहीस, आता मेल्यावर तरी माहेरी पोचू दे बाईला. एवढंही तुझ्यानं होत नाही?

शेजारच्या ट्रंकेवर एक बाई बसली होती, माझ्या बहिणीच्या वयाची. नवरा हमाल बघायला गेला होता. त्यांना हैदराबादला, हिमायतनगरला जायचं होतं. तिनं लाल फडकं ओळखलं. तांब्यातलं पाणी दिलं आणि विचारलं, "सवाष्ण गेल्या का, दादा?"

मी हो म्हणालो, आणि मग सगळंच सांगून टाकलं. ती म्हणाली, "अहो, मग आम्हांला हालीच हवी आहे. ह्यांच्याजवळ कलदार आहेत. काढा की."

"गाठ सोडायची नाही म्हणून सांगितलंय."

"पैसे कुणाजवळ ठेवलेत तुम्ही?"

"तिच्याजवळ."

"मग मागा तिच्याकडं. माझ्याकडं काय बघता?"

तिनं शाल दोन्ही हातांनी आडवी धरली आणि गर्दीकडं तोंड करून उभी राहिली. मी त्या आडोशाला गाठोड्यावर वाकलो. म्हणालो, "अगं, पैसे दे." आणि मला रडू फुटलं. ती गेली त्या दिवशीही फुटलं नव्हतं. भट्टीनं भाजून माझी बोटं लाकडं झाली आहेत, साधी नाडी सुटत नाही. ती गाठ पहिल्याच ओढीला सुटली. मांडीवर घासून सैल झाली असेल. मी चमत्कार म्हणत नाही. सुटली, एवढं खरं.

तिच्या नवऱ्यानं बट्टा न कापता सरळ भावानं कलदार दिले. बाईनं ट्रंक उघडली, एक हिरवा खण काढला आणि नोटा होत्या त्या जागी ठेवला. "माहेरी निघाल्यात, रिकाम्या हातानं कशा जातील?" म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं गाठ मारली. तेवढ्यात माझी गाडी लागली. नाव विचारायचं राहून गेलं.

नाशकात रामकुंडावर मी तिथल्या भटजींना वाटेत काय घडलं ते सांगितलं. वाटलं, चिडतील. ते नुसते म्हणाले, "सोडा आता." अस्थी पाण्यात गेल्या. खण थोडा वेळ तरंगला, मग तोही तिच्यामागं गेला.

परत आल्यावर हिमायतनगरात दोनदा हिंडलो. ती बाई सापडली नाही, मग शोधणं सोडलं. आयुष्यभर मला वाटायचं, मी कुणापुढं हात पसरला नाही. खोटं आहे ते. घरात पसरत होतो, म्हणून बाहेर ताठ होतो. आता घरात कोणी नाही. सकाळी भट्टी पेटवताना मी रामाला सांगतो, "लागेल तेव्हा मागेन, लाजणार नाही. कुणाच्या हातून द्यायचं ते तू बघ." मग वाळू तापली की हरभरे टाकतो.