न चढलेला गड

मी वाचले ही देवीची कृपा, असं लोक म्हणतात. पहिले काही महिने हे वाक्य कानावर पडलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि नळ मोठा सोडायचे. समाचाराला आलेल्या बायका चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची नजर माझ्या रिकाम्या मांडीवर असायची. मला विचारावंसं वाटे, मी देवीकडे मागितलं काय होतं आणि तिनं दिलं काय? मी मूल मागितलं होतं. मिळाले मी. मी तर घरात होतेच की! असल्या कृपेचं काय लोणचं घालायचं, असं मनात येई आणि मग देवीसमोर दिवा लावताना हात जड होत. आज लिहायला बसले आहे ती तो कडवटपणा पूर्ण गेला म्हणून नव्हे. तो आहे. पण त्याच्याबरोबर आणखीही काही आहे, ते सांगायचं आहे.

माझं माहेर केळव्याचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. सासर मासवणचं, पण यजमान तारापूरच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे आम्ही बोईसरला राहतो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. लग्नानंतर वर्षामागून वर्षं गेली, पाळणा हलला नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या-इंजेक्शनांनी अंग सुजलं आणि उतरलं. ज्यांना ज्यांना माझी विचारपूस करायची असे, ते सगळे माझ्या पोटाचीच करत. मला ताप आला तरी सासूबाईंचा पहिला प्रश्न एकच, "काय दिवस-बिवस गेले नायत ना?" नाही म्हटलं की ताप माझा मी बघायचा.

मग कुणीतरी केळव्याजवळच्या निसर्गोपचार केंद्राचं सांगितलं. वाडीतच होतं ते, चार झोपड्या, विहीर आणि झाडाखाली बाकं. चालवणाऱ्या बाईंना सगळे माई म्हणत. त्यांच्याविषयी आज माझ्या मनात राग आहे, पण खोटं लिहिणार नाही. तिथे मला बरं वाटलं. सकाळी कोवळ्या उन्हात बसायचं, पोटावर गार मातीची पट्टी, मग टबात कमरेइतक्या पाण्यात कटिस्नान, शहाळं, फळं, मोड आलेलं कडधान्य. माईंचा हात मऊ होता. माती लावताना त्या कधी "किती वर्षं झाली लग्नाला?" असं विचारत नसत. "शरीराला सगळं कळतं. आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही," एवढंच म्हणत. इतक्या वर्षांत माझ्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. मी त्या मातीखाली डोळे मिटून रडायचे आणि मला कुणी गप्प करायचं नाही.

आणि मला दिवस गेले. उपचारांनी गेले, आधीच्या औषधांनी गेले की आपसूक गेले, मला ठाऊक नाही. पण श्रेय घ्यायला रांग लागली. माईंनी मला नव्या बायकांसमोर उभं करून ओळख करून द्यायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, महालक्ष्मीला नवस बोलले होते, म्हणून. डहाणूकडच्या महालक्ष्मीच्या गडावर, पोट दिसायला लागलं की सुनेला घेऊन येईन आणि तिच्या हातून ओटी भरीन, असा त्यांचा नवस. यजमान बिचारे नुसते हसत होते. त्या दिवसांत मीही खूप हसले. पोटात काहीतरी फडफडलं त्या दुपारी मी एकटीच होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मोठ्यानं "आई" म्हणाले. देवीला की स्वतःला, ते मला अजून कळलेलं नाही.

माईंची एक अट होती, औषध नाही. लोहाच्या गोळ्यासुद्धा नाहीत, त्याऐवजी बीट आणि खजूर. तपासणीला जाऊन मन बिघडवून घ्यायचं नाही. सहावा महिना सरत आला आणि माझे पाय सुजायला लागले. चपला होईनात, अंगठी साबण लावून काढावी लागली. माई म्हणाल्या, "हा उभार आहे. शरीर विजातीय द्रव्य, आत साठलेली घाण, बाहेर टाकतंय. घाबरलीस तर ते आत दबेल." त्यांनी मीठ बंद केलं आणि दोन दिवस नुसत्या रसावर ठेवलं. डोकं ठणकायला लागलं, तेव्हा कपाळावर मातीची पट्टी आली. यजमान एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरला दाखवून येऊ या का?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरनी इतकी वर्सं काय दिलं? नि आता मिळालंय ते घालवायचंय?" ते गप्प बसले. मीही बसले. ज्या हातांनी मूल दिलं असं वाटतं, ते हात सोडायला फार धीर लागतो, आणि तो आमच्या घरात कुणाकडेच नव्हता.

सातव्यात गडावर जायचं ठरलं. नवसाचं सासूबाई बघत होत्या आणि चढण चढल्यानं बाळंतपण सोपं होतं म्हणून माईंचाही होकार होता. डॉक्टर नको, यानंतर त्या दोघींचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागून आम्ही सकाळीच पोचलो. यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे पायथ्याच्या देवळात माणसं तुरळकच होती. खाली दर्शन घेऊन आम्ही डोंगराच्या पायऱ्यांकडे वळलो.

आमच्या भागात या गडाची कथा पोरासोरांना पाठ असते. एक गरोदर बाई देवीच्या दर्शनाला गड चढत होती. तिला घेरी आली, ती पडली. तेव्हा देवी प्रकट झाली आणि म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याशी देऊळ आहे. सासूबाईंनी ही कथा त्या सकाळी गाडीत पुन्हा एकदा सांगितली, अगदी हात जोडून. मी ऐकली, यजमानांनी ऐकली. आणि गाडीतून उतरून आम्ही तिघंही, त्यात एक गरोदर बाई, गड चढायला लागलो! हसू नका. भक्तीत माणसाचे कान उघडे असतात, पण ऐकलेलं आपल्याला लागू आहे, हे त्याच्या डोक्यात येत नाही.

थोडं वर गेलो असू. डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले, पायऱ्या एकीत एक मिसळायला लागल्या. मी कठडा धरून थांबले. समोरून एक बाई उतरत होती. लुगडं घट्ट नेसलेली, उन्हानं रापलेली, बंदराकडची मासेवाली असावी. ती माझ्याकडे बघून थबकली.

"कुटं चालवलीय हिला?"

"देवीला," सासूबाई म्हणाल्या. "नवस हाय."

"आवो, देवी सोता पोटुशीसाटी खाली उतरली, नि तुमी पोटुशीला वर चडवता? मग देवी कशाला उतरली, पाय मोकले करायला?"

सासूबाईंना राग आला. "तुमी आपल्या वाटेनं जा. नवस मोडला तर पोराला भोवंल."

ती बाई वाटेनं गेली नाही. तिनं माझी हनुवटी वर करून माझं तोंड पाहिलं, आणि सरळ पायरीवर, आमच्या वाटेत, आडवी बसली. "माज्या अंगावरनं न्या तिला," ती म्हणाली. मग यजमानांकडे वळली. "तुजी बायको ना ही? तोंड बग तिचं. पोर ऱ्हाईल, नाय ऱ्हाईल, ते देवीच्या हाती. ही बाय जगली पायजे. दवाखान्यात ने, चल."

यजमान हलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आईच्या शब्दाबाहेर गेलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं तिनं, आणि मला खाली आणलं. तिच्या हाताला सुकटीचा वास होता. मला मासळीच्या वासानं एरवी मळमळायचं, त्या वेळी मी तिच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. गाडीत बसवताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "घाबरू नको बाय, देवी खालीच हाय." त्यानंतरचं मला आठवत नाही. गाडीतच मला झटके आले, असं नंतर सांगितलं.

जवळच्या दवाखान्यानं इंजेक्शन देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी झाली. ती संध्याकाळपर्यंत होती. मी शुद्धीवर आले तेव्हा ती नव्हती. यजमानांनी तिला पाहिलं होतं, हातात घेतलं होतं. मी विचारलं, कशी होती? ते म्हणाले, "कपाळ तुझं होतं." मग ते भिंतीकडे तोंड करून रडले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, रक्तदाब इतका वाढला होता की आणखी थोडा उशीर झाला असता तर तुम्हीही हाती लागला नसता. पुढे मला दूध आलं. ज्या शरीराला सगळं कळतं म्हणून मी इतकी निश्चिंत होते, त्याला एवढंही कळलं नव्हतं की प्यायला कुणी नाही. त्या दिवसांत मी देवीला शिव्या दिल्या आहेत, हेही लिहून ठेवते.

घरी आल्यावर माई भेटायला आल्या. शहाळी आणली होती. म्हणाल्या, "शेवटी शेवटी तू विश्वास सोडलास. दवाखान्यात नेलं नसतं तर कदाचित..." सासूबाई म्हणाल्या, "गड अर्ध्यावर सोडला. त्या अवदसेनं आडवलं, नि नवस मोडला." म्हणजे दोघींच्या मते माझी मुलगी त्या मासेवालीनं नेली. आणि खोटं कशाला सांगू, काही दिवस मलाही तसं वाटलं. कुणावर तरी ढकलल्याशिवाय झोप येत नव्हती. वर गेले असते तर? देवीच्या पायाशीच पडले असते तर? हा प्रश्न मी उशीखाली घेऊन निजत होते.

एका दुपारी कपडे वाळत घालताना मला ती कथा आठवली. मी लहानपणापासून ऐकलेली कथा मनात पुन्हा सुरुवातीपासून सांगून पाहिली आणि एका जागी अडले. त्या गरोदर बाईचं पुढे काय झालं? तिला मुलगा झाला की मुलगी? मूल जगलं का? हे कुणी सांगत नाही. मी सासूबाईंना विचारलं. "तसं कायी ऐकलं नाय बाई," म्हणाल्या. देवी खाली आली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ती बाळासाठी आली, असं आपणच धरून चाललो. ती तर दमून पडलेल्या बाईसाठी आली होती.

मी दोरी धरून तिथेच खाली बसले. इतक्या वर्षांत माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे, कुणी पाहिलं होतं? डॉक्टरांनी कूस पाहिली, सासूबाईंनी कूस पाहिली, माईंनी त्याच कुशीवर माती लावली. मी स्वतःसुद्धा तेवढंच पाहिलं. आणि रस्त्यातल्या एका परक्या बाईनं माझी हनुवटी वर करून पाहिलं आणि म्हणाली, ही बाय जगली पायजे. ती कोण होती, मी शोधलं. पालघरच्या मासळी बाजारात किती तरी जणींना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. तिच्या हाताला सुकटीचा वास होता, आणि तिला संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवायची असणार. पण त्या दिवशी देवीला मला जे सांगायचं होतं, ते तिच्या तोंडून आलं, यावर माझा विश्वास बसला आहे आणि तो मी कुणाशी वाद घालून सिद्ध करणार नाही.

मातीवर माझा राग नाही. उन्हाळ्यात आजही मी पोटावर गार पट्टी ठेवते. राग आहे तो मला पाहूनही न पाहणाऱ्या विश्वासावर. पुन्हा केंद्रात जाऊ, पुन्हा नवस बोलू, असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग मलाच वाईट वाटलं. त्यांनाही ती मुलगी हवी होती, माझ्याइतकीच.

वर्ष उलटल्यावर आम्ही महालक्ष्मीला गेलो. पायऱ्यांकडे मी वळले नाही, पायथ्याच्या देवळातच गेले. ओटीचं ताट पुढे केलं. पुजाऱ्यांनी विचारलं, "नवस बोलायचा की फेडायचा?" सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "दोन्ही नाही. मी जिवंत आहे, ते सांगायला आले." पुजाऱ्यांनी ताट घेतलं आणि देवीपुढे ठेवलं. सासूबाईंनी मनातल्या मनात काही मागितलं का, ते मी विचारलं नाही.

आई, तू माझ्यासाठी उतरलीस, हे मान्य करणं मला फार जड गेलं. माझी मुलगी गेली आणि मी राहिले, हे दोन्ही तुझ्या पायाशी ठेवते. यातलं काय कशासाठी, ते आता विचारणार नाही. तू मला मोलाची मानलंस, तेव्हा मीही मानीन.